मैनेची डावी टाप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोन घोट पोटात गेले की आतलं सगळं ओकून टाकणारा माणूस मी, पण हे कधी ओठांवर येऊ दिलं नाही. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटेल याची मला फिकीर नाही. फक्त हळहळू नका. हळहळणाऱ्या माणसांची मला चीड येते.

माझ्याकडे एक घोडी होती, मैना. आम्ही तेव्हा जालना रोडला, करमाडच्या अलीकडे राहायचो. लग्नात नवरदेवाला पाठीवर घेऊन मारुतीला न्यायचं आणि वाजतगाजत मांडवात परत आणायचं, हे तिचं काम. आधी सगळे मातीचे रस्ते होते. मग शेंद्र्याला कारखाने आले, शेतांचे प्लॉट पडले, गल्ल्या सिमेंटच्या झाल्या, रस्त्याच्या कडेनं लग्नाची लॉन्स उभी राहिली. वराती लांबल्या. डीजेपुढं घोडी नाचलीच पाहिजे, असा नवा हट्ट निघाला. सिमेंटवर नाचवायची? — हो, नाचवली. मीच नाचवली.

त्यात पाऊस गेला. पुढच्या वर्षीही गेला. ओल मिळाली नाही की घोड्याची टाप वाळते, तडकते. मैना उभी असली की उजवा पुढचा पाय जरा पुढं टाकून उभी राहायची. त्या पायावर भार नको असला की घोडं असंच उभं राहतं. मला कळत नव्हतं असं समजू नका. बापाच्या हाताखाली नाल ठोकायला शिकलेला माणूस मी, मला सगळं कळत होतं. तरी आलेलं एक लग्न सोडलं नाही. चालता चालता ती थांबायची, मी चाबूक ओढायचो, ती चालायची. तिचा मला रागच यायचा. सगळ्यांनाच काहीतरी दुखत होतं त्या वर्षी, हिचे काय एवढे लाड? हिवाळ्यातली लग्नं संपली तेव्हा ती उघड लंगडायला लागली होती.

एवढं तर कुणीही करतं, म्हणाल. थांबा — अजून ते आलेलं नाही.

पाचोडला माझा मावसभाऊ राहतो, भानुदास. माझ्यापेक्षा लहान. हा माणूस चांगला होता. लहानपणापासून चांगला, आणि घरोघरी त्याचे गोडवे. कुणावर आवाज चढवायचा नाही, बैलाला काठी लावायचा नाही. माझी आई मला रागावली की शेवटी त्याचंच नाव घ्यायची. अशा माणसाशेजारी वाढणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी दाखवलंय का? — जाऊ दे.

त्याच्याकडे दुभती म्हैस होती आणि चारा नव्हता. विहीर आटलेली. हंगाम असाच गेला तर नवरा-बायकोनं ऊसतोडीला जायचं, एवढंच त्याच्यापुढं उरलं होतं. माझ्याकडे शहर जवळ, कडब्याची कुट्टी विकत मिळायची, दुधाला गिऱ्हाईक दारात. त्यानंच विचारलं, म्हैस घे आणि घोडी दे, घोडीवर मी लग्नं करीन, गाव सोडावं लागणार नाही. मी म्हटलं, बघू. बघू म्हणत होतो तेव्हाच मनात ठरलं होतं.

पण लंगडी घोडी कोण घेईल?

आता नीट ऐका. एक पाय दुखला की घोडं लंगडतं. दोन्ही पाय सारखे दुखले की लंगडत नाही, कारण लंगडायलाही एक चांगला पाय लागतो. ही घोड्यांच्या बाजारातली जुनी लबाडी आहे. बापानं मला ती सांगितली होती ती घोडं घेताना फसू नये म्हणून. बायको टँकरच्या रांगेत गेलेली असताना मी मैनेचा डावा पुढचा पाय मांडीवर घेतला. चांगला, धडधाकट पाय. नालेचे खिळे सैल केले. नाल आणि तळव्याच्या मध्ये रस्त्यावरच्या खडीतला एक खडा सारला — आणि खिळे पुन्हा ठोकले. तिनं पाय ओढला नाही. मी करतोय म्हणजे बऱ्यासाठीच, असं तिला वाटलं असेल.

ती सरळ चालायला लागली. पावलं आखूड, पण सरळ. भानुदासनं तिला अंगणात इकडून तिकडं फिरवलं आणि खुश झाला. "लई शांत चालती की रं, दादा." मी त्याला सांगितलं, शांत नाही, कामचोर आहे, मध्येच थांबते, फटका दिल्याशिवाय हलत नाही. आणखी एक बजावलं — नाल माझ्याशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाही. त्याचे डोळे भरून आले. त्याला ती माझी माया वाटली.

पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं. तुम्हालाही आलंच असेल ध्यानात.

पाचोडलाच नात्यातलं लग्न होतं, मी गेलो होतो. नवरदेव पाठीवर, मागं सगळी वरात, आणि मारुतीच्या देवळापुढं मैना थांबली. हलेना. डीजेवाला खोळंबला, नवरदेवाचा मामा भानुदासला नको नको ते बोलायला लागला. भानुदास तिच्या मानेवरून हात फिरवत होता, कानात काहीतरी बोलत होता. मग त्यानं गर्दीत मला शोधलं. मी मानेनंच खुणावलं — हाण. त्यानं हाणलं. एकदा हात उठला आणि मग थांबेना, घाबरलेल्या माणसाचा थांबत नाही तसा. मैना गुडघ्यांवर बसली. बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं मलाच बोलावलं, पाय बघायला. अंगणात शेजारी जमलेले, त्याची बायको उंबऱ्यात. डावी टाप त्यानंच उचलून धरली. मी खिळे काढले, नाल ओढली, आणि पू वाहायला लागला. पुवाबरोबर खडा माझ्या हातात आला. मी मूठ मिटली.

"काय निघालं, दादा?"

तेव्हा सांगता आलं असतं. नाही का? ती जागा होती, वेळ होती, माणूस समोर होता. मी म्हटलं, "काय निघनार? तुझे फटके निघाले. असं हाणत असतेत का जनावराला?" सगळ्यांदेखत. मोठ्या आवाजात.

त्यानंतर तिला त्यानं कामाला लावलं नाही. रोज पाय शेकायचा, धुवायचा. टँकरचं पाणी. त्याची बायको ओरडायची, "माणसाला प्यायला नाय आन् तुमी घोडीचे पाय धुवायलेत." दोघांचं बोलणं बंद झालं. पहिला पाऊस पडायच्या आत मैना मेली. गावात तो घोडी मारणारा म्हणून ओळखला जाऊ लागला, पोरंसुद्धा पाठीमागं बोलायची. दिवाळीनंतर दोघं ऊसतोडीला गेले. म्हैस माझ्या दारात दूध देत होती.

का केलं, असं विचाराल. म्हैस हवी होती, हे अर्धं झालं. म्हैस तर मी दुसरी कुठूनही आणली असती. उरलेलं हे — त्याचा हात उठलेला मला बघायचा होता. त्या चांगल्या माणसाचा. देवळापुढं तो उठला तेव्हा मला बरं वाटलं. आतून, थंडगार बरं वाटलं. खड्याचं मी एक वेळ कुणाला सांगितलंही असतं, दारूच्या भरात. हे नसतं सांगितलं.

परवा बीड बायपासला एका लॉनवर भाचीचं लग्न होतं. दारात घोडी सजवून उभी होती. भानुदास आला, घोडी पाहिली, आणि लांबून वळसा घालून आत गेला. केस पांढरे झालेत, पाठ वाकलीय. माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "दादा, माझ्या हातानं मेली ती. आजून झोप लागत नाय." हे तो भेटेल तेव्हा म्हणतो.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "सोड आता. मी माफ केलंय तुला."

त्यानं माझे पाय धरले. मी धरू दिले.