वाढत्या अंगाची हार्ड डिस्क

लॅपटॉपमधून टकटक आवाज यायला लागला तेव्हा मी आधी पंख्याला शिव्या दिल्या, मग खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या सुताराला. तिसऱ्या दिवशी स्क्रीन निळी झाली आणि कळलं, टकटकतेय ती माझीच हार्ड डिस्क.

मी जोगेश्वरीत घरी बसून मराठी टायपिंग करते. दिंडोशी कोर्टातल्या एक वकीलबाई हाताने लिहिलेल्या कागदांचे फोटो पाठवतात, मी त्यांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करून देते. बारा वर्षं हेच चाललंय. अलीकडे मात्र बोलता बोलता त्या एका नव्या मुलीचा विषय काढू लागल्या होत्या. "ती पटकन देते हो," म्हणायच्या. त्यांच्याशिवाय मला काम देणारं दुसरं कोणी नव्हतं.

नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती. अंधेरी स्टेशनजवळ एका गाळ्यात लॅपटॉप दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडे गेले. त्याने स्क्रू काढले, डिस्क कानाशी धरली आणि म्हणाला, "हिची वाट लागलीय, ताई. पण आतलं सगळं निघेल." मग काउंटरवर दोन खोकी ठेवली. एकात एक टीबीची हार्ड डिस्क, म्हणजे माझ्या जुन्या पाचशे जीबीच्या दुप्पट. दुसऱ्यात एसएसडी, म्हणजे नव्या तऱ्हेची डिस्क, पण जेमतेम अडीचशे जीबी. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

"ही घ्या, जागा कमी पण लॅपटॉप झकास पळेल," म्हणत त्याने छोटं खोकं पुढे सरकवलं.

माझं डोकंच सणकलं. पाव माल आणि भाव तोच? पाचशेवरून अडीचशेवर यायचं म्हणजे दोन खोल्यांचं घर सोडून एका खोलीत राहायला जाण्यासारखं. "खपत नाही म्हणून माझ्या गळ्यात मारताय ना?" मी विचारलं.

तो हसला. "पण ताई, एवढं भरायचंय काय तुम्हाला?"

"ते तुम्हाला काय करायचंय?"

माझ्या आईचा एक नियम होता. वडिलांच्या गिरणीतल्या पगारात तिघा पोरांचे कपडे व्हायचे, त्यामुळे दुकानात शिरताच ती म्हणायची, "वाढत्या अंगाचा घेवक व्हया." पाचवीत घेतलेला स्कर्ट मला आठवीत मापाचा झाला, तोवर त्याचा रंग उडून गेला होता. तीन वर्षं मी तो पिनांनी आवळून घातला आणि मुली हसल्या. आईच्या या सवयीवर मी जन्मभर चिडले. आणि त्या काउंटरपाशी उभी राहून मी मोठ्या खोक्यावर बोट ठेवलं.

"नंतर बोलू नका हां," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्याने जुनं सगळं नव्या डिस्कवर उतरवून ती बसवून दिली. मी पैसे दिले आणि कुणी मला फसवू शकत नाही अशा तोऱ्यात रिक्षा केली.

टकटक थांबली, एवढं खरं. बाकी लॅपटॉप होता तसाच रेंगाळत राहिला. मी स्वतःला समजावलं की नवी आहे, रुळेल.

शुक्रवारी सकाळी दहाला वकीलबाईंचा फोन आला. "ताई, त्या कालच्या प्रतिज्ञापत्रात दुसऱ्या परिच्छेदात वय चुकलंय. दोन मिनिटांचं काम आहे. साडेदहाला कोर्टात माझ्या केसचा पुकारा आहे, लगेच पाठवा."

मी बटण दाबलं. स्क्रीनवर तो नेहमीचा गोल फिरायला लागला. चहा ठेवला, तो उतू गेला, ओटा पुसला, तरी गोल फिरतोच आहे. पुन्हा फोन. "उघडतोय, मॅडम." फाइलवर क्लिक केलं तर पुन्हा तोच गोल. "अगदी उघडतच आलाय, मॅडम." तिसऱ्या फोनला त्या शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या ताई. झालं काम. तिने पाठवलं."

ती कोण, हे मी विचारलं नाही. मी काल वकीलबाईंना पाठवलेल्याच फाइलमध्ये तिने एक आकडा बदलला होता.

त्यानंतर कुठे माझ्याकडची ती फाइल उघडली. रागाच्या भरात मी डिस्कमध्ये काय काय आहे ते बघत सुटले. बारा वर्षांचे अर्ज, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, सगळं मिळून तीन जीबीसुद्धा नव्हतं. नऊशेच्या आसपास जागा रिकामी होती. वाढत्या अंगाचं घ्यायला आधी अंग वाढतं असावं लागतं, आणि माझं काम तर आटत चाललं होतं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा जास्तच राग आला.

सोमवारी परत त्या गाळ्यात गेले. गणपतीला गावी जायच्या तिकिटासाठी ठेवलेले पैसे पर्समध्ये होते. "मी बोललो होतो ना," असं तो म्हणाला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. पण त्याने नुसतं छोटं खोकं काढून ठेवलं.

"टायपिंग," मीच म्हणाले. "नुसतं टायपिंग भरायचंय."

आता चहाला आधण येण्याआधी लॅपटॉप उघडतो. रोज सकाळी दहाच्या आत मी तो सुरू करून फोनशेजारी ठेवते. वकीलबाईंचा फोन अजून आलेला नाही.