नोलीनने रंगवलेली नेच्याची पानं

हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की तुआतापेरे गावातले शिकारी नोलीन हॉगच्या शेडकडे वळायचे. येताना बंदूक आणायची नाही, नुसता तिच्यापासून सोडवलेला दस्ता आणायचा, हा तिचा नियम. त्या काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याला ती पॉलिश पेपरने घासायची, भांड्यांच्या साबणाने धुवायची आणि मग विचारायची, "कुठल्या घळीत जाणार?"

घळ कळल्याशिवाय ती रंगाचा डबा हलवत नसे. जिथे जायचं तिथलंच गवत, तिथलाच नेचा आणायचा, दस्त्यावर पसरायचा आणि वरून स्प्रे मारायचा. पान उचललं की त्याचा आकार खाली उमटलेला असे, आणि त्या झाडीत दस्ता वेगळा दिसत नसे.

"तयार छाप मिळतात की बाजारात," असं कुणी म्हणालंच, तर ती म्हणे, "मिळतात ना. मग ते छाप ज्या जंगलाचे, तिथेच जा शिकारीला."

यंदा तिच्या लेकीचा, आयल्साचा पहिला हंगाम. तिच्या दस्त्यावर नोलीनने जीव ओतला. वाळल्यावर नेहमीप्रमाणे तो घरामागच्या उतारावर नेच्यांत ठेवला आणि शेजारच्या डेसला शोधायला लावलं.

डेसने फाटकापाशी उभं राहून बराच वेळ डोळे ताणले. "हरलो बुवा! उचल आता, नाहीतर तुझी मेंढरं तुडवतील."

नोलीन उचलायला गेली, तर तिलाही तो दिसेना. शेवटी हाताने चाचपून काढावा लागला. डेस पोट धरून हसत होता, पण ती दस्ता घेऊन तडक शेडकडे वळली. मागच्या हंगामात पलीकडच्या खोऱ्यात एकाने झुडूप हललं म्हणून गोळी झाडली होती. झुडपात त्याचाच सोबती होता.

दुसऱ्या दिवशी आयल्सा आली तेव्हा दस्ता भडक केशरी झालेला.

"आई! हे काय गाजर करून ठेवलंस?"

"हरणाला केशरी कळत नाही. माणसाला कळतं."

"मी केशरी जॅकेट घालणार आहे ना!"

"घालशील. चढावर उकडलं की काढून पिशवीत कोंबशील. मी ओळखत नाही का तुला?"

"पोरं हसतील मला."

"हसू देत. हसायला आधी तू दिसली पाहिजेस त्यांना."

आयल्सा वळली. दार आपटून बाहेर गेली. नोलीन ब्रश धूत बसली. स्वच्छ झालेलेच पुन्हा धूत राहिली.

थोड्या वेळाने लेक परतली ती हातात नेच्याची ओली पानं घेऊन. पुसून कोरडी केली आणि एकेक करून केशरी दस्त्यावर लावली.

"आता वरून हिरवा मार. पानाखालचं केशरी राहू दे तसंच."

नोलीनने डबा उचलला.

"पान घट्ट धर. हलू नकोस."

"मी कुठे हलतेय? तूच डबा हलवायला विसरलीयस, आई."