पेशी वाट बघत नाहीत

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या सातपुते मॅडम पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा मला त्या एखाद्या रुग्णाच्या नातेवाईक वाटल्या. खरं तर आमच्या कर्करोग प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. पण फुफ्फुसाच्या गाठीचा तुकडा घ्यायला स्वतः जात. मी नवा होतो. ओळख पटल्यावर म्हणालो, "मॅडम, मी आणला असता."

"आणला असतात. वाटेत चहाही घेतला असतात. पेशी वाट बघत नाहीत."

त्या तुकड्यातली पेशी न् पेशी सुटी करून प्रत्येकीत कोणती जनुकं चालू आहेत, हे आम्ही वेगवेगळं वाचत असू. "गाठ म्हणजे एकच शत्रू नाही हो," त्या सांगत. "सोसायटीची मीटिंग आहे ती. आरडाओरडा करणारे औषधाने गप्प होतात. मागे मुकाट बसलेला एखादा असतो, तो पुढे सगळं बळकावतो."

त्यांचा धाकटा भाऊ सुनील खडकीच्या कारखान्यात फिटर होता. सुपारीचंही व्यसन नव्हतं त्याला. खोकला थांबेना म्हणून तपासलं, तर फुफ्फुसात गाठ. तोच म्हणाला, "ताई, माझाही तुकडा घे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

पडद्यावर त्याच्या पेशींचे रंगीत ठिपके उमटले तेव्हा मी शेजारी होतो. कोपऱ्यात मूठभर ठिपके वेगळे पडले होते. उपचार सुरू होण्याआधीच औषधाला दाद न देणाऱ्या पेशी होत्या त्या. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आहेत," एवढंच म्हणाल्या. त्या पेशींवर चालेल असं औषध डॉक्टरांकडेही नव्हतं.

गोळ्यांनी सुनीलला उतार पडला. एकदा तो जिना चढून प्रयोगशाळेत आला. "काय दिसलं गं तुझ्या मशीनमध्ये?"

"सगळं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता दुखणं उलटलं, मेंदूपर्यंत गेलं. दिवाळीआधी सुनील गेला आणि मॅडमनी राजीनामा दिला.

उन्हाळ्यात मी त्यांच्या विश्रांतवाडीच्या घरी गेलो. चहा झाला, पाणीटंचाईवर बोलणं झालं. कामाचा विषय त्यांनी निघू दिला नाही. निघताना दारात म्हणाल्या, "तो कामावर परत जाणार होता हो. कपाटात गणवेश इस्त्री करून ठेवलेला सापडला. त्याला खरं सांगायला हवं होतं का?"

मी चपलेत पाय घालत राहिलो.

"निघा तुम्ही, उशीर होईल," म्हणून त्यांनी हलकेच दार लावून घेतलं.