डिझेल कुठं अडलं

आमच्या धंद्यात माणूस आधी तोंडानं सगळं सांगतो, मग गाडी दाखवतो. ते दोघं भाऊ केंदूरकडनं आले तेव्हा उलटं झालं. ट्रॅक्टरमागं साखळीनं बांधून ओढत आणलेली डिझेल गाडी त्यांनी तळेगाव ढमढेऱ्यात माझ्या गॅरेजपुढं उभी केली आणि दोघंही गप्प. डोकी भादरलेली, म्हणजे घरात कोण गेलंय हे विचारायची गरज नव्हती. थोरला ट्रॅक्टरवरनं उतरून माझ्यापाशी आला. धाकटा ओढलेल्या गाडीचं स्टेअरिंग धरून होता, तो तिथंच बसून राहिला.

हळूहळू कळलं ते असं. त्यांच्या वडलांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. दोघांनी उचलून त्यांना गाडीत मागच्या सीटवर घातलं आणि चावी फिरवली. स्टार्टर फिरायचा, गाडी धरायची नाही. बॅटरी बसेपर्यंत फिरवत राहिले. रुग्णवाहिकेला फोन लागला, पण ती लांब होती. मग गल्लीतल्या एकाची पिकअप मिळाली, पण तोवर फार वेळ गेला होता. म्हातारा दवाखान्याच्या वाटेवरच गेला.

आदल्या संध्याकाळी पेंडीची पोती आणायला गाडी धाकट्यानं नेली होती आणि ओढ्याच्या पाण्यातनं काढली होती. एवढं पुरे झालं. पाणी गेलं, सेन्सर गेला, यानं घालवला, असं घरात ठरून गेलं. आता हे सेन्सर प्रकरण लोकांना फार सोपं वाटतं. काही कळलं नाही की सेन्सर. पूर्वी प्लगला शिव्या द्यायचे, आता सेन्सरला देतात.

पण खरी गोष्ट दहाव्याला झाली. नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भावकी ताटकळत उभी. मामा, चुलते, एकेकानं पुढं होऊन काय काय कबूल केलं, म्हातारीला सांभाळू, बैलं विकणार नाही, तरी कावळा झाडावरनं हलेना. शेवटी थोरल्यानं हात जोडले आणि सगळ्यांदेखत बोलला, की गाडी कुणामुळं बंद पडली ते शोधून काढीन आणि त्याला घरात ठेवणार नाही. त्यानंतर कावळा शिवला. झालं! सगळा गाव म्हणायला लागला, म्हाताऱ्याचा जीव त्यात अडकला होता.

म्हणून गाडी माझ्याकडं आली होती. थोरल्यानं मला विचारलं, मशीन लावल्यावर कुणामुळं झालं ते कळतं ना. माझं टाळकंच सरकलं. मी म्हणालो, बाबा रे, हा स्कॅनर आहे, देवऋषी नाही. तो गाडीचा प्रेशर सांगतो, व्होल्टेज सांगतो, माणसाचं नाव सांगत नाही. तो ओशाळला नाही. खरं सांगतो, मला त्याचा रागच आला होता. बाप गेल्याचं दुःख होतं त्याच्या तोंडावर, नाही असं नाही, पण त्याच्या आत कुठंतरी निकाल लागून बसला होता आणि मी फक्त शिक्का मारायचा होता.

बॅटरी पार उतरलेली होती, तेव्हा आधी दुसरी जोडली. स्कॅनर लावला. गाडीत बिघाड झाला की कंप्युटर त्याचा कोड धरून ठेवतो. इथं कोड एकही नव्हता. पाणी शिरून सेन्सर गेला असता तर काहीतरी दिसलं असतं. मग धाकट्याला सांगितलं, चावी फिरव, आणि मी स्क्रीनवर आकडे बघत बसलो. इंजिन किती वेगानं फिरतंय ते येत होतं. म्हणजे क्रँकचा सेन्सर ठणठणीत. चावीची ओळख गाडीला पटत होती. व्होल्टेज टिकत होतं. टाकीत डिझेल भरपूर. आणि एक आकडा मात्र जागचा हलत नव्हता, डिझेलच्या प्रेशरचा. इंजिन फिरतंय तोवर तो झपाट्यानं चढायला पाहिजे. हा मेल्यासारखा पडून.

म्हणजे टाकीतनं पुढं डिझेल येतच नव्हतं. मी थोरल्याला तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, ओढ्याच्या पाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, तुझ्या भावानं गाडी बिघडवलेली नाही. गाडीतल्या धाकट्यानं ते ऐकलं. त्यानं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं आणि तसाच राहिला. थोरला म्हणाला, मग पंप कुणी घालवला. अरे, काय माणूस! मला वाटलं पाना घेऊन याच्याच टाळक्यात घालावा.

धाकट्याला खाली उतरवलं, मागची सीट काढून टाकीतल्या पंपाचं तोंड उघडलं. पंपाला करंटच नव्हता. वरनं थेट करंट दिला तर पंप घुरघुरायला लागला, अगदी निरोगी. फ्यूज चांगला, रिले चांगला. म्हणजे वायर मधे कुठंतरी तुटली असणार, म्हणून मी हात लावत लावत पुढं सरकलो. आणि दारापाशी मॅटखाली ती वायर कापून जोडलेली सापडली. मूळ वायरीला कंपनीचं वेष्टण असतं, ह्याला साधी काळी चिकटपट्टी. तिथनं दोन वायरी ड्रायव्हरच्या सीटखाली गेलेल्या. सीटखाली हात घातला, बोटाला बटण लागलं.

आमच्या भागात हे चोरबटण पुष्कळ जण बसवतात. विहिरीवरची केबल जाते, मोटार जाते, रस्त्यावर लावलेली पिकअप जाते, त्याला माणूस काय करणार. बटण बंद केलं की चावी असूनही गाडी चालू होत नाही. बसवणारा कुठं बसवलंय ते कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की बसवण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्यानं कुठल्यातरी बाजारच्या दिवशी गुपचूप बसवून घेतलं असणार. रोज रात्री गाडीवर ताडपत्री टाकायच्या आधी आणि सकाळी ती काढल्यावर तो आत वाकून काहीतरी करायचा, असं थोरल्याला आता आठवलं. घरात त्यांना वाटायचं, गाडीला हात जोडतोय.

मी बटण दाबलं. चावी फिरवली. प्रेशरचा आकडा उसळला आणि गाडी चालू झाली. इतकी सहज चालू झाली की मलाच लाज वाटली. मी पटकन बंद केली.

थोरला खाली धुळीत बसला. म्हणाला, त्या पहाटे आबा डाव्या हातानं पुढची सीट बडवत होते. खाली वाकायला बघत होते. आम्हाला वाटलं झटके येताहेत, पडतील खाली. मग त्यानं धाकट्याकडं बघितलं. धाकटा गाडीच्या दारापाशी उभा होता.

"त्यो हात मी धरला हुता," धाकटा म्हणाला. "घट दाबून धरला हुता."

मी पाण्याचा तांब्या भरून दिला, दोघांनीही घेतला नाही. मी आयुष्यात पुष्कळ गाड्या खोलल्या, पण एखादी उघडलीच नसती तर बरं झालं असतं असं पहिल्यांदा वाटलं. म्हातारा सगळं जाणत होता. बोलता येत नव्हतं, आणि ज्यांना सांगायचं तेच त्याला धरून बसले होते.

थोरल्याला बहुतेक काहीतरी सांधायचं होतं. उशिरा का होईना, त्याच्यातला भाऊ जागा झाला असावा. तो म्हणाला, चल घरी, भावकीला मी सांगतो, तुझं काय चुकलं नव्हतं. चोरांच्या भीतीनं आबांनी बटण बसवलं, त्याला कोण काय करणार.

धाकट्यानं सीटखालच्या त्या बटणाकडं बघितलं. हा पोरगा पूर्वी मधूनमधून न विचारता गाडी काढून हायवेच्या ढाब्यावर जायचा, एकदा दार चेपून आणलं होतं, म्हाताऱ्यानं त्यावरनं महिनोन्‌महिने बोलणं टाकलं होतं, हे थोरल्यानंच मला मघाशी सांगितलेलं.

"दादा, चावी घरात खुंटीला आसायची," तो म्हणाला. "चोराला ती कुठनं मिळाली आस्ती?"

थोरल्यानं माझ्यापुढं चावीसाठी हात केला.

गाडी थोरल्यानं चालवत नेली, ट्रॅक्टर माझ्या दारात राहिला. धाकटा त्याच्याबरोबर बसला नाही. तो नाक्यापर्यंत चालत गेला आणि दौंडकडं जाणाऱ्या जीपमधे चढला. तिकडं साखर कारखान्यावर राहतो म्हणतात. थोरला दोनदा आणायला गेला होता, म्हातारीला घेऊनसुद्धा गेला. तो तिच्या पाया पडला, दोघांना चहा पाजला आणि स्टँडपर्यंत सोडायला आला. घरी चल म्हटल्यावर म्हणाला, तिथं माझ्यावर कुणाचा भरवसा हुता?