बिनआवाजाची करवत

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांकडं किस्से फार साचतात. कारण सोपं आहे. सांगायला जावं तर समोरचा एक तर ड्युटीवर, नाहीतर झोपलेला. आता आमच्यातले बरेचसे बोईसर सोडून गेले, म्हणून तुम्हाला गाठलंय. वसंताच्या करवतीचे तेवढे ऐका.

वसंता मूळ सातपाटीचा, आमच्या कारखान्यात सुतार. मी तिथंच फिटर. माल लाकडी पेट्यांतून जायचा तोवर त्याला मान होता. मग पुठ्ठ्याची खोकी आली आणि सुतारखातंच बंद झालं. वसंता म्हणाला, "घरीच स्टुलं, पाट करून विकीन." त्यासाठी टेबलावर बसवलेली गोल करवत हवी होती. छोटी, कारण जागा म्हणजे खोलीमागची पडवी. आणि बिनआवाजाची.

बिनआवाजाची का, तर आमची सरावलीची चाळ. सगळे पाळ्यांवर जाणारे, त्यामुळं कुठल्याही वेळी कोणी ना कोणी झोपलेलं. पोरंसुद्धा दबक्या आवाजात भांडायची. मालकानं बजावलं होतं, "एक तक्रार आली की खोली खाली करायची." खोली गेली की धंदा गेला, आणि सातपाटीला परत जावं तर मासेमारीची बोट भावाच्या ताब्यात. वसंताच्या भिंतीला भिंत लागून पांडे राहायचा. एकटाच, बायकापोरं गावी. कापडाच्या मिलमध्ये कायम रात्रपाळी. म्हणजे वसंताचं पोट पांडेच्या झोपेवर अवलंबून.

*

पहिली करवत बघायला आम्ही मनोरला गेलो. दुकान हायवेला लागून. दुकानदारानं बटण दाबलं आणि म्हणाला, "बघा, आवाज आहे का?"

खरंच नव्हता. बाहेरून ट्रकमागून ट्रक चालले होते. वसंता माझ्या कानाशी येऊन ओरडला, "आरं, हितं तू काय बोलतोस ता पन मला ऐकू येत नाय, हिचा कसा येनार?"

*

दुसरी बोईसरात, एका फर्निचरवाल्याकडं. ती सुरू झाली आणि मी खूश झालो. पंख्यासारखी नुसती घूं. वसंतानं मात्र पिशवीतून सागाचा तुकडा काढला आणि पात्याला लावला. अशी किंचाळली की समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं चहा सोडून बाहेर आली.

फर्निचरवाला रागावला. "लाकूड घालणार असाल तर आवाज होणारच की, राव."

*

शेवटी पट्ट्यावर चालणारी, हळू फिरणाऱ्या मोटरची एक जुनी करवत मिळाली. बारीक दातांचं पातं बसवलं, पायांखाली रबराचे तुकडे घातले, त्याखाली वसंताच्या बायकोनं, हिरावहिनीनं, गोधडीची घडी सारली. मग परीक्षा. पांडे दार उघडं टाकून झोपायचा. ठरलं असं की मी त्याच्या उशाशी बसायचं, वसंतानं फळी कापायची, आणि पांडे चाळवला तर मी भिंतीवर ठोकायचं.

करवत सुरू झाली. भिंतीतून बारीक गुणगुण येत होती, एवढंच. पांडे घोरत होता. मग त्यानं कूस बदलली. मी घाबरून भिंतीवर ठोकलं.

पांडे ताडकन उठून बसला. "कौन ठोक रहा है, भाई? दिन में भी सोने नहीं देते!"

*

वसंताचे बाबा सातपाटीहून करवत बघायला आले. सगळी जिंदगी बोटीवर काढलेला माणूस. त्यांनी करवत चालू करून घेतली, कान लावला, आणि तोंड वाकडं केलं.

"दर्यावर मशिनीचा आवाज बंद पडला का आमी झोपेतून उठून बसतो. आन तू पैसं देऊन मुकी मशीन आनलीस?"

आम्ही हसलो. म्हातारा हसला नाही.

*

काही वर्षं बरी गेली. चाळीत असं घर नव्हतं जिथं वसंताचं स्टूल नव्हतं. पांडेला तर त्यानं पहिलं स्टूल फुकटच दिलं होतं, झोपेची भरपाई म्हणून. एकही तक्रार आली नाही.

मग नव्वद सालानंतर एकेका कारखान्याच्या गेटला टाळं लागत गेलं. पांडेची मिलही गेली. आता भर दुपारी सगळी चाळ जागी. पुरुष उंबऱ्यात बसलेले, कोणी कोणाशी बोलायचं नाही. आवाजाची तक्रार करायला कोणी झोपलेलं उरलं नव्हतं, आणि स्टूल घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं. वसंतानं करवतीवर गोणपाट टाकलं. मला ते बघवायचं नाही.

अशा एका दुपारी आम्ही पडवीत बसलो होतो. पांडे आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. मिल बंद झाल्याचं त्यानं गावी कळवलंच नव्हतं.

"वसंतभाई, मशीन चलाओ ना. नींद नहीं आती. इतने साल उसी आवाज पे सोया हूँ."

वसंता म्हणाला, "कापू काय? घरात लाकूडच नाय, पांडेजी."

पांडे खोलीत गेला आणि आपलं स्टूल घेऊन आला. "इसको काटो. धीरे-धीरे काटना."

वसंतानं माझ्याकडं बघितलं. मग गोणपाट बाजूला केलं आणि स्टुलाचा पाय पात्याला लावला. बारीक बारीक चकत्या पाडत राहिला. मी पलीकडं जाऊन पांडेच्या उशाशी बसलो. तो बराच वेळ छताकडं बघत होता. मग त्याचे डोळे मिटले आणि तो घोरायला लागला.

मी दबक्या पावलांनी परत आलो आणि मान हलवली. स्टूल संपत आलं होतं. वसंतानं इकडं तिकडं बघितलं. हिरावहिनी आत गेली आणि वसंताचा जेवायचा पाट घेऊन आली.