बाराची घंटा

आधीच सांगते, भूत, सैतान, करणी यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते, रोज माळ हातात घेऊन रोजरी म्हणते, पण कुणाच्या अंगात आलं म्हटलं की माझंच डोकं फिरतं. हे लिहितानाही फिरलंय, सांभाळून घ्या.

गोष्ट ९८-९९ची. माझं माहेर गिरीजला, वसईत. पुढे अंगण, मागे केळीची वाडी. मी लग्न होऊन नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये. माहेरी आई, भाऊ पास्कल आणि धाकटी बहीण फिलू. फिलूला टायफॉइड झाला, ताप उतरला, पण पोरीने बोलणंच सोडलं. खिडकीशी बसायची नुसती. डॉक्टर म्हणाले, मनाच्या डॉक्टरला दाखवा. आईला त्याची लाज वाटली... आणि तिने ‘ब्रदर’ला बोलावलं.

हा ब्रदर ना कुठल्या चर्चचा, ना कुठल्या मठाचा. भाड्याच्या खोलीत प्रार्थना घ्यायचा. फिलूमध्ये सैतान आहे, हे युद्ध आहे, म्हणाला. सैतानाला उपाशी मारायचं म्हणून तिचं जेवण बंद, फक्त पाणी. शेजारच्या काशीमावशी हिंदू, म्हणून त्यांना दारात मज्जाव. याच मावशींनी आम्हाला कडेवर खेळवलेलं! प्रार्थनेच्या नावाखाली तो फिलूला थपडाही मारायचा. हे मला कुणी कळवलं नाही. कळलं ते काशीमावशींकडून, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मी माहेरी थडकले.

दारात रिक्षा उभी. आत फिलूची पिशवी भरलेली. चाळीस दिवस तो तिला स्वतःच्या जागेवर नेणार होता, कुणी भेटायला यायचं नाही. तिचे गाल बसलेले, ओठ फुटलेले. मी भांड भांड भांडले. आई रडत म्हणाली, “तुझा विश्वास नाही, म्हणून तिला गुण येत नाही.” पास्कल मान खाली घालून पिशवीचे बंद बांधत होता. घरात सैतान होता हे मात्र खरं, तो रिक्षातून आला होता.

निघण्याआधी शेवटची प्रार्थना म्हणून त्याने फिलूला खुर्चीत बसवलं. एक हात आईने धरायचा, एक पास्कलने, काही झालं तरी सोडायचा नाही. आणि हा तिच्या डोक्यावर पंजा दाबून ओरडायला लागला. मी त्याचा दंड ओढत होते, तो हलेना.

तेवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली.

आमच्याकडे देवदूताच्या प्रार्थनेची घंटा झाली की हातातलं काम टाकून उभं राहायचं. विळा असो नाहीतर पळी, ठेवायची. विचार करून कुणी करत नाही, हात आपोआप कपाळाकडे जातो. आई आणि पास्कलने फिलूचे हात सोडले आणि क्रुसाची खूण केली. ब्रदर खेकसला, “हात सोडू नका.” पण सुटले होते.

फिलू उठून उभी राहिली. आणि जिच्या तोंडून इतक्या दिवसांत शब्द फुटला नव्हता, तिने प्रार्थना सुरू केली. खणखणीत, पहिल्या ओळीपासून.

ब्रदरने तोंड उघडलं तर कोरड्या हातपंपासारखा आवाज आला. तो फिलूकडे बघतच नव्हता. तिच्यामागच्या कोपऱ्यात बघत होता. तिथे नारळाचं पोतं, दुसरं काही नाही.

“ते कोण उभे आहेत?” तो म्हणाला. “त्यांना आधी बाहेर काढा.”

आणि मागे सरकत सरकत तो अंगणात गेला, रिक्षात बसला, अनवाणीच. त्याच्या चपला मी उकिरड्यावर टाकल्या.

फिलूने पेज मागितली. दोन वाट्या प्याली.

संध्याकाळी त्या माणसाची तक्रार करायला मी फादरांकडे गेले. चर्चच्या व्हरांड्यात घंटा जमिनीवर ठेवलेली, वर गोणपाट. दुरुस्तीसाठी सकाळीच उतरवली होती म्हणे, नाश्त्याच्या वेळी. मग बाराला काय वाजलं? फादर म्हणाले, काही नाही. पास्कल म्हणतो, दुसऱ्या गावची असेल. अरे, त्या घंटेखाली वाढलो आपण, तिचा आवाज ओळखत नाही?

काशीमावशींना विचारलं. म्हणाल्या, “झाली की घंटा. मी पान्याचा पंप बंद करून उभी रायले.” रस्त्यापलीकडच्या एकालाही ऐकू आली नव्हती.

फिलू नंतर मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी हळूहळू बरी झाली. आज तिला दोन मुलं आहेत. त्या दिवसांतली फक्त भूक आठवते, म्हणते.

आई ही गोष्ट सगळ्यांना चमत्कार म्हणून सांगते, डोळे पुसत. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि गुडघे टेकले की देवाशी अजून तेच भांडण होतं. वाजवता येत होती ना तुला? मग पहिल्या थपडेच्या आधी का नाही वाजवलीस?