घटस्फोटाचा वकील पाहिजे

पुसदला खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं वकिलीचं ऑफिस आहे. जास्त करून घटस्फोटाच्याच केसेस. घरी रोज विचारतात, "आज काय झालं?" मी नावं गाळून सांगते. गाळता गाळता इतकं साठलंय, की कोणता किस्सा कोणाचा, ते आता मलाही नीट आठवत नाही. बरंच आहे म्हणा!

* * *

घटस्फोट हा शब्द पहिल्या भेटीत कोणी तोंडातून काढत नाही. एक बाई आल्या.

"राशन कार्डावरून एक नाव कमी करायचं होतं."

"त्याला वकील कशाला? तहसीलमध्ये जा. कोणाचं नाव?"

"मालकाचं."

"वारले का?"

"नाही ना मॅडम! खाली गाडी लावून राह्यले!"

* * *

वणीहून एक ट्रक ड्रायव्हर आला. म्हटलं, तिकडं वकील नाहीत का?

"आहेत ना! पण सगळे सासऱ्याच्या ओळखीचे. इथं मले कोणी वळखत नाही."

तेवढ्यात आमचे मुन्शी बबनराव चहा घेऊन आत आले आणि दारातच थांबले.

"अरे, जावईबापू! तुम्ही इकडं कसे?"

बायकोचे सख्खे मामा! गडी खुर्चीतून उठला आणि वाकून पाया पडला.

"मामाजी, तुम्हालेच भेटाले आलतो!"

* * *

एकजण स्टॅम्प पेपर घेऊन आला. दोघांच्या सह्या, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. "घटस्फोट झाला आहे मॅडम. फक्त एकदा पाहून घ्या."

मी सांगितलं, "अशानं घटस्फोट होत नाही. कोर्टातून घ्यावा लागतो."

त्यानं कागदाची नीट घडी केली.

"मग घरी दुसरी आणली, तिले काय सांगू?"

* * *

फी ऐकून माणसं गप्प होतात, ते मला सवयीचं आहे. एका तांड्यावरची मुलगी आईसोबत आली होती. मी म्हटलं, "बाईला सरकारकडून फुकट वकील मिळतो. कोर्टातच अर्ज करायचा. मी लिहून देते."

मुलगी हो म्हणणार, तेवढ्यात आई मध्ये पडली.

"फुकटचं नको मॅडम! हुंडा नको म्हणे, म्हणून तर त्याले पोरगी देल्ती!"

शेवटी अर्ज केला. वकील चांगला मिळाला. आई मात्र प्रत्येक तारखेला त्याच्याकडे संशयानंच पाहायची.

* * *

आणि ही मुकुटबनकडची. अंगणवाडीत कामाला. दोन बस बदलून आली होती. नाव, गाव, नवऱ्याचं नाव सांगितलं. मी पेन खाली ठेवलं.

"ताई, तुमची केस मला घेता येणार नाही."

"काहून?"

"कारणही सांगता येणार नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे तो येऊन गेला."

मी दुसऱ्या एका वकीलबाईंचा पत्ता लिहून दिला. समजूतदार आहेत, फी थोडीथोडी घेतील, म्हणून सांगितलं. तिनं चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि उठली. दारात चप्पल घालता घालता थांबली.

"मॅडम, बाकी काही नका सांगू. एकच सांगा. इथं रडला काय तो?"

आता हे तरी कसं सांगायचं? मी टेबलाकडे पाहत बसले.

तिनं चप्पल काढली, परत आत आली आणि खुर्चीवर बसली.

"पाणी द्या जरा," म्हणाली.